गाडी कलली की फरशी? स्पोर्ट्स कारची उंची मोजण्याची आणि ताडून बघण्याची रीत

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं जातात, त्यावरून गाडीची उंची सांगण्याची पद्धत नाशिकच्या कॉलेज रोडवर उभ्या गाड्यांभोवती चालते. गप्पांपुरती ती ठीकच आहे. पण स्प्रिंग दबून बसली का, कॉइलओव्हर (रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) दोन्ही बाजूंना सारखे लावले का, विकत घ्यायची म्हणून बघितलेली जुनी पोर्शे बॉक्सस्टर किंवा बीएमडब्ल्यू झेडफोर एका अंगाला का झुकली आहे, असे प्रश्न आले की मिलिमीटरच लागतात. मोजपट्टी सगळ्यांकडे असते. घोळ होतो तो गाडी कशावर आणि कोणत्या अवस्थेत उभी होती, यात. काहीही न बदललेल्या गाडीचे दोन दिवशी घेतलेले आकडे सहज आठ-दहा मिमीने वेगळे येऊ शकतात.

कुठून कुठपर्यंत मोजायचं

तीन मापं उपयोगाची आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिलं, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. टायर झिजलेला असो वा नवा, या मापात तो थेट येत नाही, म्हणून रोजच्या तुलनेला हेच बरं. नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. ती २ मिमीवर आली की गाडी जमिनीपासून ६ मिमी खाली येते, पण स्प्रिंगचा त्यात काही दोष नसतो.

दुसरं, जमिनीपासून दाराखालच्या जॅक लावायच्या पट्टीपर्यंत, पुढे आणि मागे. पुढच्या आणि मागच्या उंचीतला फरक, ज्याला ट्यूनिंगवाले रेक म्हणतात, तो यातून कळतो. मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं किंवा बदललेलं असेल तर पहिलं माप फसवतं. तेव्हा हेच माप साक्षीला येतं.

तिसरं, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) आतला बोल्ट आणि बाहेरचा बॉल जॉइंट यांच्या जमिनीपासूनच्या उंचीतला फरक. हे घेणं कटकटीचं आहे, पण आर्म कोणत्या कोनात आहे हे फक्त यातूनच समजतं.

कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा वापरायचा असेल तर कंपनीची रीतही तीच हवी. बीएमडब्ल्यू रिमच्या खालच्या कडेपासून व्हील आर्चपर्यंत मोजते, तेही टाकी भरून, पुढच्या प्रत्येक सीटवर ६८ किलो आणि डिकीतही ठरलेलं वजन ठेवून. काही मॉडेलांत मागच्या सीटवरही भार सांगितलेला असतो. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांत रिकामी गाडी, भरलेली टाकी आणि जमिनीपासून सस्पेन्शनच्या ठरावीक जागेपर्यंतचं अंतर धरतात. मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्यांत तर उंची मोजतच नाहीत, आर्मचा कोन मोजतात. एका रीतीचा आकडा दुसऱ्या रीतीच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आधी जागा

निम्मा वेळ इथेच जाणार आहे, आणि जायलाच हवा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत कुठेतरी दबलेलेच असतात. ट्रिमिक्स काँक्रीटची, म्हणजे यंत्राने पाणी शोषून घोटलेली, जमीन त्यातल्या त्यात बरी. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणाचं वर्कशॉप ओळखीचं असेल तर तिथली सपाट जमीन रविवारी मागून घ्या. नाहीतर अलाइनमेंटवाल्याकडची चार खांबी लिफ्ट सकाळी अर्धा तास मिळते का बघा. मात्र ती लिफ्ट शेवटची कधी लेव्हल केली, हे विचारायला लाजू नका.

जमीन तपासायला गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो. दहा मीटर पारदर्शक नळी घ्या, एक टोक पाण्याने भरलेल्या रुंद बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकाने पाणी ओढून नळी पूर्ण भरा. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, म्हणून नळी हलवून तो काढा. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली की पातळी स्पष्ट दिसते. बादली रुंद असली की नळीचं टोक इकडेतिकडे नेल्यावर तिच्यातली पातळी जवळजवळ हलत नाही. दोन्ही टोकांना नळी उघडी धरून बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. इंटिरिअरची कामं करणाऱ्यांकडचा लेझरही चालतो, पण स्वस्त लेझरची रेघ लांब अंतरावर काही मिमीने सरकते.

गाडी जागेवर आणा, चारही चाकांच्या जागा खडूने आखा, गाडी बाजूला घ्या. आता प्रत्येक खुणेवर जमिनीपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची मोजा. समजा पुढे डावीकडे ४१२, पुढे उजवीकडे ४०६, मागे डावीकडे ४११, मागे उजवीकडे ४१२ आले. आकडा जिथे सगळ्यात लहान, तिथे जमीन सगळ्यात उंच. म्हणजे पुढच्या उजव्या चाकाची जागा वर आहे आणि बाकीच्या तिघांखाली ६, ५ आणि ६ मिमी भर घालायची. त्यासाठी सुताराकडचे तुकडे उत्तम: ६ मिमी आणि ३ मिमी प्लाय, वर १ मिमीचा सनमायका. तुकडा गाडीच्या लांबीच्या दिशेने साठ सेंमी तरी हवा, कारण चाक त्यावर थोडं पुढेमागे फिरवायचं आहे. चारही जागा एकमेकींपासून १ मिमीच्या आत आल्या की पुरे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अनुभवी मेकॅनिकही यात चुकतात. जमिनीचा दोष दोन प्रकारचा असतो. सगळी जमीन एका बाजूला सारखी उतरती असेल तर तो उतार. तो एका मीटरला सेंटिमीटरभर असला तरी गाडी मिमी-दोन मिमीच कलते. दुसरा दोष पीळ: चार जागांपैकी एक वर किंवा खाली. उताराची शंका असेल तर गाडी १८० अंशात फिरवून पुन्हा मोजा. कल गाडीबरोबर फिरला तर गाडीचा, जमिनीबरोबर राहिला तर जमिनीचा. पण पिळाला हा उपाय लागू पडत नाही. गाडी उलटी उभी केली तरी त्याच दोन जागा त्याच कर्णावर येतात आणि चूक जशीच्या तशी राहते. पीळ पकडायला पाणीच लागतं.

गाडीची तयारी

मोजमाप सकाळी करा. टायरमधला हवेचा दाब दर पाच-सहा अंश तापमानाला साधारण १ पीएसआय वाढतो. नाशिकच्या थंडीत पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस असा फरक नवा नाही, म्हणजे साडेतीन पीएसआय तिथेच गेले. शिवाय एका बाजूला ऊन पडत असेल तर त्या बाजूचे टायर फुगलेले असतात. कसारा घाट चढून आलेली गाडी तर दोन-तीन तास उभी राहू द्या. मग थंड टायरमध्ये दारावरच्या पट्टीत लिहिलेली हवा भरा. चारही टायर एकाच मापाचे आणि डावे-उजवे सारख्या झिजेचे आहेत ना, हेही तेव्हाच बघून टाका.

डिकी रिकामी करा. टाकी प्रत्येक वेळी सारखी हवी. ५० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३७ किलो, आणि छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये ते एका अ‍ॅक्सलवर स्पष्ट दिसतं. टाकी भरूनच मोजण्याची सवय लावली की अंदाजाचा प्रश्न उरत नाही. चालकाचं वजन धरायचं असेल तर सीटवर २० लिटरचे पाण्याचे जार चालतात, झाकण घट्ट असलेले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे एकट्याने चालवायची हलकी गाडी उजवीकडे दोन-चार मिमी झुकते. हा दोष नाही. ट्रॅकसाठी गाडी लावत असाल तर मात्र चालकासकटच मोजा. मॅग्नेटिक किंवा इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर गाडी नेहमीच्या मोडमध्ये ठेवा. एअर सस्पेन्शन असेल तर इंजिन सुरू करून ती आपली पातळी घेईपर्यंत थांबा.

जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी कधीही मोजू नका. चाकं हवेत असताना आत ओढली जातात आणि जमिनीवर टेकल्यावर टायर बाजूला घसरू शकत नाही, म्हणून गाडी सुळावर चढल्यासारखी उंच उभी राहते. फरक सहज १० ते २० मिमीचा असतो. ती पाच-दहा मीटर पुढेमागे फिरवा, मग पुढचा आणि मागचा बंपर तीन-चार वेळा दाबून सोडा. पातळ बंपर हाताने दाबू नका. दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊन हलवा. स्टिअरिंग सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला आणि चाकाला हलकी ओट (टेकू). हँडब्रेक ओढलेला असला की मागची चाकं अडकतात आणि सस्पेन्शन मोकळेपणाने बसत नाही.

मोजणी

साहित्य थोडंच: ६०० मिमी स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, बारीक पेन, ओळंबा. गुंडाळीच्या टेपच्या टोकाचा हूक मुद्दाम मिमीभर सैल ठेवलेला असतो, म्हणून टेपच वापरायची तर १०० मिमीच्या खुणेपासून मोजा आणि नंतर १०० वजा करा.

मडगार्डच्या कडेला मास्किंग टेप लावा, चाकाच्या मध्यावरून ओळंब्याने सरळ वरची जागा शोधा आणि तिथे रेघ मारा. कमानीला गोलाई असते, त्यामुळे रेघ दोन सेंमी पुढे गेली तरी माप बदलतं. चाकाच्या टोपीवर बरोबर मध्ये ठिपका द्या. पट्टी उभी धरा, डोळा खुणेच्या पातळीत आणा. एक फेरी झाली की बंपर पुन्हा दाबा आणि दुसरी फेरी घ्या, मग तिसरी. तिन्ही आकडे २ मिमीच्या आत असतील तर सरासरी लिहा. नसतील तर बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) किंवा शॉकअप अडकतो आहे, आणि तो स्वतःच एक निष्कर्ष आहे.

आकडे वाचणं

वर दिलेल्या वाकड्या जागेवर, प्लाय न घालता, समजा असे आकडे आले: पुढे डावीकडे ३५२, पुढे उजवीकडे ३४६, मागे डावीकडे ३६०, मागे उजवीकडे ३६१. कुणीही म्हणेल, पुढची उजवी स्प्रिंग बसली, बदला.

थांबा. कर्णांची बेरीज करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ७१३. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ७०६. सात मिमीचा फरक. आता विचार करा: बॉडी ताठ आहे. जमीन सपाट आणि टायर सारखे असतील तर चार चाकांचे मध्य ठरलेल्या जागी असतात, आणि त्यांच्यावर ताठ बॉडी कशीही कलली तरी दोन्ही कर्णांची बेरीज जवळपास सारखीच राहणार. स्प्रिंग मोडलेली असली तरीही. म्हणजे कर्णांतला फरक स्प्रिंगमुळे येतच नाही. तो जमिनीच्या पिळातून, टायरच्या फरकातून किंवा ठोकलेल्या मडगार्डमधून येतो. तीन आकडे गाडीबद्दल सांगतात, चौथा तुमच्या मोजणीची परीक्षा घेतो.

प्लाय घालून पुन्हा मोजल्यावर चित्र असं काहीसं येईल: ३५०, ३४८, ३६१, ३६०. कर्ण ७१० आणि ७०९. गाडी उजवीकडे मिमी-दोन मिमी झुकलेली, आणि बदलायची म्हणून ठरवलेली स्प्रिंग ठणठणीत. कर्णांचा फरक २-३ मिमीपेक्षा जास्त राहिला तर पुढे जाऊच नका. आधी जमीन, मग टायर, मग मडगार्ड, या क्रमाने दोष शोधा. मडगार्डची शंका असेल तिथे जॅकच्या पट्टीचं माप काढा.

खरोखर एक स्प्रिंग चाकापाशी १० मिमीने कमी पडत असेल, आणि चारही स्प्रिंगची ताकद साधारण सारखी असेल, तर त्या कोपऱ्यावर साडेसात मिमी खाली दिसतात, शेजारच्या दोन्ही कोपऱ्यांवर अडीच-अडीच, आणि समोरच्या कर्णावरचा कोपरा उलट अडीच मिमी वर जातो. डावा-उजवा फरक पुढे आणि मागे सारखाच येतो. म्हणूनच आकड्यांनी फक्त संशयाची दिशा मिळते. कोणत्या चाकावर किती वजन आहे हे उंचीवरून कळत नाही. त्याला चार चाकांखाली चार वेगळे काटे लागतात. बाजार समितीजवळचा ट्रकचा वजनकाटा पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन सांगेल, एकेका चाकाला तो फार ढोबळ आहे.

डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिमीपर्यंत फरक असेल तर रस्त्यावरच्या गाडीची काळजी करू नका. १० मिमीच्या पुढे गेला तर कारण शोधायला हवं.

दुसऱ्या गाडीशी तुलना करताना मॉडेल, इंजिन, सस्पेन्शनचा पर्याय आणि रिमचं माप जुळवा. स्पोर्ट पॅकेजची गाडी मुळातच खाली असते. परदेशी गाडीचे आकडे तर आणखी सावधपणे घ्या: तिथे चालक बहुधा डावीकडे, आणि भारतात येणाऱ्या कित्येक गाड्यांना कंपनीच थोडी उंच स्प्रिंग देते.

फरक खरा निघाला तर

सगळ्यात आधी स्प्रिंगचं खालचं टोक बघा. बऱ्याचदा शेवटचा वेढा मोडून स्प्रिंगखालच्या वाटीत, म्हणजे कपात, पडलेला असतो आणि चिखलामुळे दिसत नाही. ब्रशने साफ करून टॉर्च मारा. स्प्रिंगचं टोक कपाच्या खाचेत नीट टेकलंय का, वरच्या माउंटचं रबर दबलंय का, तेही तेव्हाच. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या स्प्रिंगचे नंबर वेगळे असतात. रंगाचे ठिपके जुळवा.

नवीन स्प्रिंग टाकल्यावर गाडी अपेक्षेपेक्षा १० मिमी उंच राहिली तर दोष बहुतेक वेळा बुशचा असतो. लोअर आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना घट्ट केले की रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली आली की पिळतं. ते गाडीला वर ढकलत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. उपाय साधा: गाडी चाकांवर उभी असताना, लिफ्टवर किंवा पिटवर, आर्मचे बोल्ट सैल करा, गाडी हलवून बसू द्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा आवळा. हे काम गॅरेजमध्ये जवळजवळ नेहमी टाळलं जातं, तेव्हा उभं राहून करून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, जॅक-स्टँड लावाच.

स्टॅबिलायझर बारही (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारा दांडा) गाडी धरून ठेवतो. एका बाजूची लिंक सोडून पुन्हा मोजा. आकडे हलले तर बारमध्ये ताण होता. लांबी बदलता येणारी लिंक असेल तर ती बोल्ट सहज बसेल इतकी जुळवा.

कॉइलओव्हरच्या रिंगचा आटा बहुधा २ मिमीचा असतो. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला, चाकाला धरणारा उभा खांब) असेल तर एका फेऱ्याला चाकापाशी साधारण २ मिमी उंची बदलते. डबल विशबोनमध्ये (चाकाला वर-खाली दोन आर्म) शॉकअप आर्मच्या मध्याकडे असतो, तिथे एका फेऱ्याला ३ मिमीच्या आसपास जाते. आपल्या गाडीचा हिशेब एक फेरा फिरवून, गाडी पुन्हा बसवून, मोजूनच ठरवा. फिरवण्याआधी आटे तारेच्या ब्रशने घासा आणि जुन्या जागेवर मार्करने खूण करा. खालचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा प्रकार असेल तर उंची त्यानेच बदला. स्प्रिंगची रिंग फिरवली तर स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण बदलतो. आणि दोन्ही बाजूंचे दिसणारे आटे मोजून ‘सारखं झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उंची बदलल्यानंतर

दोन्ही बाजूंचे अलाइनमेंट करून घ्या, कारण खाली आलेल्या गाडीत टो (वरून बघता चाकाची दिशा) बदलतो आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) उणेकडे सरकतो. हेडलाइटचा झोत तपासा. झेनॉन किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह हेडलाइटच्या गाडीत सस्पेन्शनवर उंचीचा सेन्सर असतो, तो स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागतो. शॉकअपच्या दांडीवर केबल टाय बांधून पेठ रोडच्या खडबडीत भागातून एक फेरी मारा. टाय बंप स्टॉपपर्यंत (शॉकअपला शेवटी अडवणाऱ्या रबरापर्यंत) ढकलला गेला तर सस्पेन्शनला हलायला जागा कमी उरली आहे, गाडी थोडी वर घ्या.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. शहरातले बरेचसे त्याहून अरुंद आणि उभे आहेत, आणि अशा गतिरोधकावर दोन अ‍ॅक्सलच्या मधला गाडीचा पोटाचा भाग आधी टेकतो. म्हणून जमिनीपासून एक्झॉस्टच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतचं मापही वहीत ठेवा. कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकची, गाडी तपासणीला जाणार असेल तर कंपनीच्या स्प्रिंग जपून ठेवा.

वहीत प्रत्येक वेळी तारीख, जागा, हवा, टाकी, सीटवरचं वजन, टायरची नक्षी आणि चार आकडे लिहा. नवीन स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ३ ते ५ मिमी बसते, तेव्हा ५०० किमीनंतर त्याच खुणांवर, त्याच प्लायवर एकदा पुन्हा मोजा आणि अलाइनमेंट त्यानंतर पक्कं करा.